दाढ काढण्याआधी : चेहऱ्याची नस आणि जबडा यांच्या जुनाट दुखण्यासह राहणाऱ्यांसाठी

चेहऱ्याच्या एका बाजूला, गालात, हिरडीत किंवा कानाच्या पुढे सुरू झालेले दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले, की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट दुखणे मानते. आणि तोपर्यंत अनेक रुग्णांची एखादी तरी दाढ विनाकारण काढून झालेली असते. हा लेख अशांसाठी आहे, ज्यांना ही तक्रार दाताची नसून नसेची आहे किंवा जबड्याचा सांधा बिघडला आहे असे नुकतेच कळले आहे, किंवा ज्यांना अद्याप कोणीच ठामपणे काही सांगितलेले नाही. आमच्या घरात हे दुखणे बरीच वर्षे आहे, त्यामुळे सोलापुरात राहून कोणत्या क्रमाने काय करावे, हे मी शक्य तितके नेमकेपणाने लिहितो आहे. औषधांची नावे येथे केवळ समजण्यासाठी दिली आहेत. औषध कोणते घ्यायचे आणि किती घ्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

पहिली पायरी : दुखणे ओळखणे

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. तिच्या तीन शाखा आहेत. पहिली कपाळ आणि डोळ्याभोवती, दुसरी गाल, नाकाची बाजू आणि वरचा जबडा येथे, तर तिसरी खालचा जबडा, हनुवटी आणि खालचा ओठ येथे पसरते. वरच्या आणि खालच्या दातांची संवेदनाही याच नसेतून जात असल्यामुळे नसेच्या मुळाशी झालेला बिघाड रुग्णाला हुबेहूब दाढदुखीसारखा जाणवतो, आणि रुग्ण दंतवैद्याकडे जाऊन ठराविक दाढेवरच बोट ठेवतो. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस वेगळी, म्हणजे सातवी. तोंड वाकडे होणे हा तिचा आजार आहे. ट्रायजेमिनलच्या दुखण्याने तोंड वाकडे होत नाही, त्यामुळे घरच्यांनी अर्धांगवायूच्या भीतीने घाबरून जाण्याचे कारण नाही.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या विकारात विजेचा शॉक बसावा तशी कळ अचानक येते, सेकंदाच्या अंशापासून साधारण दोन मिनिटांपर्यंत टिकते आणि तितक्याच अचानक थांबते. ती जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असते. दात घासणे, तोंड धुणे, दाढी करणे, घास चावणे, बोलणे, इतकेच काय पण गालावरून वाऱ्याची झुळूक जाणे एवढ्यानेही ती सुटते. कळांच्या मधल्या वेळेत बहुतेकांना काहीच दुखत नाही, मात्र काहींच्या बाबतीत मागे एक मंद ठणका राहतो. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. बहुतांश रुग्णांत मेंदूच्या देठाजवळ एखादी रक्तवाहिनी नसेच्या मुळाला घासत असते, आणि त्या घर्षणाने नसेवरचे आवरण झिजून साध्या स्पर्शाचा संदेश वेदनेच्या वाटेने पळू लागतो. थोड्या रुग्णांत मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांचे आवरण खराब करणारा आजार) किंवा गाठ हे कारण असते, आणि म्हणूनच तपासणी टाळून चालत नाही.

जबड्याच्या सांध्याचे दुखणे निराळ्या स्वभावाचे असते. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले, की बोटाखाली हा सांधा सरकताना लागतो. त्याच्या दोन हाडांमध्ये एक लवचीक चकती असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना कट्ट असा आवाज येतो, आणि कधी जबडा अडकतो. दुखणे बहुधा बोथट आणि दाबल्यासारखे असते, तासन्‌तास टिकते, चावल्याने, जांभईने किंवा फार बोलल्याने वाढते आणि कानशील, कान व मानेपर्यंत पसरते. पुष्कळदा सांध्यापेक्षा गालाचे आणि कानशिलाचे चावण्याचे स्नायूच अधिक दुखत असतात, कारण रुग्ण रात्री दात करकरा चावत असतो किंवा दिवसभर नकळत जबडा आवळून धरत असतो. सकाळी उठताना जबडा जड आणि आखडलेला वाटत असेल, तर ही शक्यता आधी पाहावी. केवळ आवाज येतो पण दुखत नाही आणि तोंडही नीट उघडते, अशा सांध्याला उपचारांची गरज नसते.

एकाच माणसाला दोन्ही दुखणी असू शकतात. नसेच्या कळेच्या धास्तीने माणूस जबडा आवळून ठेवतो आणि काही महिन्यांत सांधाही दुखू लागतो. म्हणूनच, माझ्या मते, उपचार शोधण्याआधी या दोन वेदना वेगळ्या ओळखायला शिकणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. नसेच्या कळेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात, नसेच्या औषधाने बिघडलेला सांधा सुधारत नाही, आणि काढलेली दाढ परत येत नाही.

यासाठी एक साधी वही करावी. कळ कोठे सुरू झाली आणि कोठपर्यंत गेली, किती वेळ टिकली, त्याआधी आपण नेमके काय करत होतो, शून्य ते दहा यांत तीव्रता किती होती, कोणती गोळी किती वाजता घेतली होती, एवढ्याच नोंदी दोन आठवडे ठेवाव्यात. सोलापुरात अनेक घरांत कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलली जाते. वेदनेचे वर्णन ज्या भाषेत मनात उमटते त्याच भाषेत लिहावे आणि डॉक्टरांसमोर ते वाचून दाखवण्यासाठी मराठी किंवा हिंदी नीट बोलणारे कोणीतरी सोबत न्यावे. सणक, ठणका, आग, मुंग्या, ओढ हे सर्व डॉक्टरांच्या लेखी वेगवेगळे पुरावे आहेत, आणि "फार दुखते" एवढ्या एका वाक्यात ते सारे हरवतात. कळ चालू असताना घरातल्या कोणी मोबाइलवर चित्रफीत घेतली, तर तिचाही उपयोग होतो.

थांबू नये अशी लक्षणे

काही लक्षणे वहीत लिहून आठवडाभर वाट पाहण्यासारखी नसतात. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर शमतो, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप आहे, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंड एकाएकी वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे यांसाठीही तेच करावे. पन्नाशीपुढच्या व्यक्तीला चावताना जबडा दमून दुखत असेल, केस विंचरताना डोके हुळहुळत असेल किंवा नजर अंधूक होत असेल, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असण्याची शक्यता असते, आणि त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चेहऱ्याच्या एका बाजूला दुखून दोन-तीन दिवसांत पुरळाचे फोड आले, तर ती नागीण असते. तिच्यावरचे विषाणूरोधक औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक गुण येतो, आणि फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवावे लागते. गालाला किंवा हनुवटीखाली सूज, ताप आणि गिळायला त्रास ही दातातल्या पुवाची लक्षणे आहेत व त्यांत विलंब जिवावर बेतू शकतो. चेहऱ्याचा एखादा भाग कायमचा बधिर होऊ लागला, तर तेही लवकर दाखवावे.

आपल्या शहरासाठी यात एक भर घालणे मला अत्यावश्यक वाटते. येथे विडी वळणाऱ्या हजारो महिला तंबाखूच्या सान्निध्यात दिवस काढतात, मिश्री लावण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि गुटखा, मावा, सुपारी यांचे प्रमाणही मोठे आहे. सुपारीने तोंडाच्या आतील अस्तर हळूहळू ताठर होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. हे जबड्याच्या सांध्याचे दुखणे समजून दुर्लक्षिले जाते, पण ती कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकते. आपली तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये जात नसतील, तिखट झोंबत असेल, किंवा तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर तोंडाची तपासणी आधी करून घ्यावी. मिश्रीने हिरडी काही वेळ बधिर होते आणि दुखणे थांबल्यासारखे वाटते, म्हणून ती सोडवत नाही, हे मी समजू शकतो. पण त्या क्षणभराच्या आरामाची किंमत फार मोठी आहे.

दुसरी पायरी : सोलापुरात कोणाकडे जावे

सुरुवात दंतवैद्यापासून करणे योग्यच आहे, कारण किडलेली किंवा तडकलेली दाढ हे चेहरा दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. मात्र तपासणी आणि एक्स-रे यांत दोष दिसला तरच दातावर उपचार करावा. एक्स-रे स्वच्छ असताना केवळ रुग्ण बोट दाखवतो म्हणून रूट कॅनॉल करण्याची किंवा दाढ काढण्याची वेळ आली, तर नम्रपणे थांबावे आणि हे दुखणे नसेचे असू शकेल का, असे थेट विचारावे. जेथे मुखरोग आणि जबड्याची शस्त्रक्रिया हे विभाग स्वतंत्रपणे चालतात, अशी जागा म्हणजे केगाव येथील दंत महाविद्यालय. सांध्याच्या आणि तोंड कमी उघडण्याच्या तक्रारींसाठी असे ठिकाण खासगी दवाखान्यापेक्षा सोयीचे पडते.

नसेच्या दुखण्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे तज्ज्ञ, आणि ते लगेच न मिळाल्यास मेडिसीनचे डॉक्टर गाठावेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, येथे सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून ही तपासणी सुरू करता येते. गर्दी असते आणि डॉक्टरांना वेळ थोडा असतो, म्हणून वहीतील दोन आठवड्यांचा सार एका पानावर लिहून न्यावा. त्यात आधी काय काय उपचार झाले, कोणती दाढ केव्हा काढली, सध्या कोणती औषधे चालू आहेत आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे असावे.

न्यूराल्जियाची शंका असेल तर मेंदूचा एमआरआय सांगितला जातो. तो काढण्यापूर्वी तपासणी केंद्राला चिठ्ठी दाखवून ट्रायजेमिनल नसेच्या मुळाचे पातळ छेद घ्यायचे आहेत, हे स्पष्ट करून घ्यावे, कारण नेहमीच्या एमआरआयमध्ये रक्तवाहिनी आणि नस यांचा संबंध नीट दिसत नाही. अहवालाच्या कागदासोबत सीडीही मागून घ्यावी; पुढे पुण्या-मुंबईच्या शल्यविशारदाला मूळ चित्रेच पाहायची असतात.

तिसरी पायरी : औषध समजून घेणे

न्यूराल्जियावर पहिले औषध म्हणून कार्बामाझेपिन दिले जाते. हे मुळात फिटचे औषध आहे आणि १९६० च्या दशकापासून या दुखण्यावर वापरले जाते. ते वेदनाशामक नाही. नसेतून विनाकारण सुटणारे संदेश ते आवरते. म्हणून कळ आली की एक गोळी, असे ते घेता येत नाही. ठरलेल्या वेळी, रोज घ्यावे लागते. डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करून दर काही दिवसांनी ती वाढवतात. सुरुवातीला झोप येणे, तोल जाणे, डोके जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे असे त्रास होतात आणि बरेचदा काही दिवसांत ओसरतात. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी, रिक्षा किंवा दुचाकी चालवणाऱ्यांनी मात्रा वाढेल त्या दिवसांत हे काम टाळावे किंवा निदान मालकाला आणि शेजारच्या कामगाराला कल्पना देऊन ठेवावी.

पुष्कळ नवे रुग्ण एका गोष्टीने खचतात. पहिल्या आठवड्यात औषधाने जादूसारखा आराम पडतो आणि तीन-चार आठवड्यांनी कळा परत डोकावू लागतात. याचे एक कारण असे, की हे औषध यकृताला स्वतःलाच अधिक वेगाने पचवायला लावते आणि रक्तातील त्याचे प्रमाण उतरते. औषध निकामी झाले असा त्याचा अर्थ नसतो. बहुधा मात्रा जुळवून घ्यावी लागते, आणि ते डॉक्टरांना भेटून करायचे असते.

त्याचे धोके मात्र पूर्ण गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात किंवा ओठांवर फोड, ताप, डोळे लाल होणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्वचा सोलवटून निघण्याची ही प्रतिक्रिया क्वचित घडते, पण ती प्राणघातक ठरू शकते. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकीय प्रकार असणाऱ्यांत तिचा धोका अधिक असतो. तो प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळत असल्यामुळे औषध सुरू करण्याआधी त्याची रक्ततपासणी करावी का, असे डॉक्टरांना विचारावे. रक्तातील सोडियम कमी होणे हा दुसरा धोका आहे, विशेषतः वयस्कर आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांत. गोंधळल्यासारखे होणे, मळमळ, चालताना झोक जाणे ही त्याची चिन्हे आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा, घाम आणि नुसते पाणी पीत राहणे यांनी हा धोका वाढू शकतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच सोडियमची तपासणी करून पाणी, ताक, मीठ यांचे प्रमाण विचारून घेतलेले बरे. रक्तपेशी आणि यकृत यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नयेत.

हे औषध इतर औषधांशी पटकन झगडते. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉर्फरिन यांचा असर ते कमी करते. उलट क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही जंतुरोधके, जी दात आणि घशासाठी सहज लिहिली जातात, त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढवतात. म्हणून कोणत्याही दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात आपण कार्बामाझेपिन घेतो, हे आधी सांगावे. गरोदर राहण्याचा विचार असेल तर त्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण बाळाच्या मज्जासंस्थेत दोष राहण्याचा धोका असतो. सावकाश विरघळणारी गोळी चावू किंवा कुटू नये. दुकानदाराने दर वेळी वेगळ्या कंपनीची गोळी दिली, तर त्या फरकानेही कळा उठू शकतात, त्यामुळे शक्यतो एकच कंपनी धरून ठेवावी. जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळी घेणार असाल तर तीच सातत्याने घ्यावी. आणि आराम पडला म्हणून गोळी एका दिवसात बंद करू नये. एकदम बंद केल्याने कळा उसळतात आणि काहींना फिटही येऊ शकते.

कार्बामाझेपिन सोसत नसेल तर ऑक्सकार्बाझेपिन, आणि जोडीला किंवा बदली म्हणून गॅबापेंटिन, लॅमोट्रिजिन, बॅक्लोफेन असे पर्याय असतात. ऑक्सकार्बाझेपिनने सोडियम आणखी उतरू शकते, एवढे लक्षात ठेवावे.

चौथी पायरी : जबड्याला विसावा देणे

सांध्याच्या आणि स्नायूंच्या दुखण्यात औषधापेक्षा रोजची शिस्त अधिक काम करते, आणि बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना सुधारतात. जबड्याची विसाव्याची स्थिती अशी : ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, आणि जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलके टेकलेले. जेवण सोडून दिवसभर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकण्याची गरज नसते. मागाचा खडखडाट, विड्यांचा हिशेब, मोबाइल आणि वाहतूक यांत आपण दात कधी आवळतो ते कळतही नाही, म्हणून घड्याळात तासातासाला खूण लावावी आणि ती वाजली की जबडा तपासावा. विडी वळताना किंवा शिलाई करताना मान तासन्‌तास खाली असते आणि तिचा ताण जबड्यावर येतो. विड्यांचे सूप किंवा शिलाईचे काम थोडे उंचावर ठेवावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने मान सरळ करावी.

ओल्या गरम फडक्याने दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे शेक द्यावा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. जीभ टाळूला टेकवून तोंड सावकाश, दुखेपर्यंत न ताणता, पाच-सहा वेळा उघडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावा. रात्री दात चावण्याची सवय असेल तर दंतवैद्य मापाची नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायची पट्टी, करून देतात. आयबुप्रोफेनसारखी गोळी थोडे दिवस उपयोगी पडते, पण मूत्रपिंड, रक्तदाब किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. चावा जुळवण्यासाठी चांगले दात घासून बारीक करणे किंवा सगळ्या दातांवर कॅप बसवणे, असे परत न फिरवता येणारे उपचार कोणी सुचवले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये. जबडा झटका देऊन बसवणाऱ्यांकडे किंवा गालावर डाग देणाऱ्यांकडे तर मुळीच जाऊ नये.

पाचवी पायरी : जेवण, पाणी आणि हवा

सोलापूरकरासाठी सर्वांत अवघड भाग हाच आहे, कारण आपले जेवण दाताला काम देणारे आहे. कडक भाकरी, हुरडा, भाजलेले कणीस, ऊस, शेव-चिवडा हे दुखण्याच्या दिवसांत बाजूला ठेवावे लागतात. पण ज्वारी सोडण्याची गरज नाही. ताजी मऊ भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून मुरू दिली, की जबड्याला फारसे श्रम पडत नाहीत; कडक भाकरीसुद्धा पातळ दाळीत पुरेशी भिजवली तर चालते. ज्वारीच्या कण्या, आंबील, गव्हाची हुग्गी, मऊ मुगाची खिचडी, पातळ पिठले, दाण्याची आमटी हे सारे पदार्थ घरचे आहेत आणि पोट भरणारे आहेत. शेंगाचटणी दह्यात किंवा तेलात कालवून बारीक करून घ्यावी. दुखण्याच्या भीतीने माणूस जेवण कमी करतो आणि वजन उतरते, म्हणून घासांची संख्या कमी असली तरी तूप, दाण्याचे कूट, दूध यांनी प्रत्येक घास दमदार करावा, आणि महिन्यातून एकदा वजन वहीत लिहावे.

नसेच्या दुखण्यात घास मऊ असणे पुरेसे नसते. ओठाचा किंवा हिरडीचा ठराविक बिंदू टाळणे आवश्यक असते. पाणी आणि चहा कोमट घ्यावा. स्ट्रॉने पिणे काहींना सोपे जाते, तर ओढण्याच्या क्रियेने काहींची कळ सुटते, त्यामुळे हे ज्याचे त्याने पाहावे. दात घासणे सोडू नये, कारण हिरड्या बिघडल्या की खऱ्या दाढदुखीची भर पडते. मऊ ब्रश, कोमट पाणी, आणि गोळीचा असर सर्वाधिक असतो ती वेळ, असे जुळवावे. ती वेळ आपली वहीच सांगते. तोंडावर पाणी मारण्याऐवजी ओल्या फडक्याने, हळव्या जागेपासून दूर सुरुवात करून, चेहरा टिपावा. कळांच्या दिवसांत देवळात किंवा कार्यक्रमात कोणी गंध, हळद-कुंकू लावू लागले, तर ते हातावर घेण्यात काही गैर नाही, आणि घरच्यांनी ते पुढे होऊन सांगावे.

उन्हाळ्यात सोलापुरात चेहरा स्कार्फने घट्ट गुंडाळून दुचाकीवर निघण्याची पद्धत आहे. गरम वाऱ्यापासून बचाव होतो, पण तोच कापडाचा स्पर्श कळ सोडू शकतो. सुती कापड सैल घेऊन वरून काच असलेले पूर्ण हेल्मेट घालणे बहुतेकांना मानवते. हेल्मेट गालाला घासत नाही, हे दुकानात घालून पाहावे. कूलरचा झोत आणि पंखा चेहऱ्यावर थेट येऊ देऊ नये. बस किंवा रेल्वेत दुखरी बाजू खिडकीकडे येणार नाही अशी जागा घ्यावी. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला जाताना रात्रीचा गार वारा असतो, तेव्हाही कान आणि गाल सैल झाकलेले असावेत.

सहावी पायरी : शस्त्रक्रियेचा विचार

औषधाने कळा आवरत नसतील, किंवा आवरण्याइतकी मात्रा सोसत नसेल, तर शस्त्रक्रियेबद्दल विचारायला उशीर करू नये. सर्व औषधे संपल्यावरचा शेवटचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहण्याची रीत मला पटत नाही. निदान पक्के असेल तर न्यूरोसर्जनचे मत लवकर घेतलेले हिताचे. मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन या शस्त्रक्रियेत कानामागच्या हाडात लहान छिद्र करून रक्तवाहिनी नसेपासून दूर केली जाते आणि मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवली जाते. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे पीटर जॅनेट्टा यांनी ही पद्धत विकसित केली. त्यांच्या गटाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा वर्षांनंतर सुमारे ७० टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. ऐकू कमी येणे, चेहरा बधिर होणे, मेंदूतील पाणी झिरपणे आणि क्वचित पक्षाघात हे तिचे धोके आहेत. पूर्ण भूल न सोसणाऱ्या वयस्करांसाठी गालातून सुई घालून नस उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याच्या दाबाने मंद करण्याच्या पद्धती आहेत. त्यांत आराम लवकर मिळतो, पण चेहरा काहीसा बधिर राहतो आणि काही वर्षांत दुखणे परत येऊ शकते. गॅमा नाइफमध्ये, म्हणजे नसेच्या मुळावर किरणांचा नेमका मारा करण्याच्या पद्धतीत, चिरफाड नसते, मात्र गुण यायला आठवडे ते महिने लागतात, म्हणून औषध चालू ठेवावे लागते.

यासाठी बाहेर जावे लागले तर पुणे, मुंबई आणि हैदराबाद ही तिन्ही शहरे सोलापूरहून थेट रेल्वेने जोडलेली आहेत, आणि पुण्याचा सल्ला हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येण्याजोगा आहे. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ घ्यावी, आणि आपल्या रुग्णालयात या विशिष्ट शस्त्रक्रिया किती होतात, गुंतागुंत किती होते, हे निःसंकोच विचारावे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवावे.

घरचे, काम आणि मन

हे दुखणे बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, आणि कळ गेल्यावर माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे घरातले लोक नकळत शंका घेतात. म्हणून घरच्यांपैकी एकाला डॉक्टरांच्या भेटीत आत न्यावे. कळ येताना बोलता येत नाही. हात वर केला की सर्वांनी थांबायचे आणि उत्तर मागायचे नाही, अशी एक खूण ठरवून ठेवावी. लहान मुलांना गालाला हात लावू नका असे नुसते रागावून सांगण्यापेक्षा, कोणता गाल दुखतो हे दाखवून समजावले तर ती आश्चर्यकारक जपतात.

पुढची कळ केव्हा येईल या धास्तीने झोप, भूक आणि माणसांत मिसळणे कमी होते, आणि उदासी वाढते. ही मनाची दुर्बलता नव्हे. वेदनेइतकीच ही उदासीही आजाराचा भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नको वाटू लागले, तर त्याच क्षणी घरच्या माणसाला सांगावे आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलावे. ही शासनाची मोफत सेवा असून तेथे मराठीत बोलता येते.

कळांची लाट आली तर

काही दिवस कळा एकामागून एक येतात. यासाठी डॉक्टरांकडून आधीच लेखी सूचना घेऊन ठेवावी : मात्रा किती वाढवायची, किती दिवसांसाठी, आणि कोणत्या लक्षणांना थांबायचे. पाणीसुद्धा गिळता येत नसेल किंवा गोळी पोटात राहत नसेल, तर घरी थांबू नये. रुग्णालयात शिरेतून औषध देऊन किंवा हळव्या जागी बधिर करणारे इंजेक्शन देऊन लाट उतरवता येते.

याउलट, न्यूराल्जिया काही वेळा महिनोन्‌महिने, क्वचित वर्षभरही, पूर्ण थांबतो. चार ते सहा आठवडे एकही कळ नसेल तर मात्रा कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे, आणि ती त्यांनी सांगितलेल्या टप्प्यांनीच उतरवावी. या काळात दातांची राहिलेली कामे उरकून घ्यावीत, मात्र दंतवैद्याला दुखण्याची पूर्वकल्पना द्यावी आणि तोंड फार वेळ उघडे ठेवायला लागू नये म्हणून मध्ये मध्ये विश्रांती मागावी. वही बंद करू नये. महिन्याला एक ओळ पुरते, आणि कळ परतली तर कोणत्या मात्रेवर ती पूर्वी आवरली होती, हे त्या ओळींतून डॉक्टरांना लगेच दिसते.